‘जादा तर्री’तली माझी खंजिरी

४ जानेवारी, रविवार. दुपार.
नवीन वर्षाला नवी वही घेणार नाही. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तीच पुरतात.

आज घडलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे. सौरवचा बँड डिसेंबरपासून आमच्या वरच्या खोलीत प्रॅक्टिस करून राहिला. विक्कीच्या घरून सगळ्यांना हाकललं, उन्नतीच्या घरी तिची आजी दुपारची झोपते, म्हणून आमचं घर. माझ्या दोन गाद्या भिंतीला टांगल्या आहेत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून म्हणे. माझ्या माहेरचा, खाप्याचा कापूस आहे त्या गाद्यांत. असो.

बँडचं नाव ‘जादा तर्री’. पोह्याच्या ठेल्यावर वरून मागतात तो तिखट लाल रस्सा. उपासाच्या दिवशी तोंडातून निघू नये म्हणून मी नुसतं ‘पोरं’ म्हणते.

पंखा बंद करा हे सांगायला वर गेले होते. जानेवारीत पंखा! पण दारातच थांबले. सौरवची ती चार तारांची जाडी गिटार, विक्कीचे ड्रम, उन्नतीची गिटार, सगळे पहिल्या ठोक्यावर एकत्र पडायचे आणि मग आपापले मोकळे. परत पहिल्या ठोक्यावर एकत्र. माझ्याने राहवलं नाही. खाली आले, देव्हाऱ्याजवळची खंजिरी घेतली आणि दारातूनच ठेका धरला.

विक्की ओरडला, “काकू, तुमी त आग लावून राहिल्या!” उन्नतीने मोबाइलमध्ये घेतलं. सौरव काही बोलला नाही. पोटचं पोर आईची तोंडावर स्तुती करत नाही.

थोडक्यात, मी बँडमध्ये आले. पंखा बंद करायचा राहिला.

६ जानेवारी, मंगळवार.
सौरवला विचारलं, या संगीताला काय म्हणतात? म्हणे फंक. अमेरिकेतलं. तिकडच्या काळ्या लोकांनी काढलं. त्यांच्यातले बरेच लहानपणी चर्चमध्ये टाळ्या वाजवत मोठे झाले म्हणे. म्हणजे भजनच की. पहिला ठोका सगळ्यात मोठा असतो, त्याला ते ‘वन’ म्हणतात. मी म्हटलं, बाबा, ही तर सम. खाप्याला माझे वडील खंजिरी भजनात हेच करायचे, त्यांना कोणी अमेरिकेला बोलावलं नाही.

सौरव म्हणाला, “आई, एकदम तसं नाही.” तसंच आहे. दहावीनंतर मला शिकू दिलं नाही म्हणून, नाहीतर मीच यावर पुस्तक लिहिलं असतं.

संकल्प: रोज पूजेनंतर अर्धा तास रियाज.

८ जानेवारी, गुरुवार.
पूजेनंतर रियाज झाला नाही. सिलेंडर आला.

संध्याकाळी मंडळात गेले. रुख्मिणीबाई आमच्या महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. सतरंजीवर मधोमध बसतात, त्यामुळे बाकीच्यांना कडेला सरकावं लागतं. म्हणाल्या, यंदा महाराजांचा प्रकट दिन रविवारी येतो, आठ फेब्रुवारीला, आपली सगळी नंदनवन वस्ती लोटणार, भजन आपल्याकडेच. “देवके, खंजिरीवर तूच. चढवायचं म्हणजे चढवायचं, लोक उठून नाचले पाहिजेत.” मी म्हटलं, त्याची काळजी नको.

घरी बँड, देवळात मंडळ. दोन्ही सांभाळायला माझ्यासारखं माणूस लागतं.

११ जानेवारी, रविवार.
प्रॅक्टिस फार छान. ‘कूलर’ हे त्यांचं नवीन गाणं. ‘कूलर लाव गा, कूलर लाव’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायचं. नामस्मरणासारखं आहे, मनाला शांत वाटतं.

विक्की दोनदा थांबला. म्हणाला, “काकू, टेम्पो चढून राहिला.” मी म्हटलं, चढणारच. भजन सुरू होतं तिथेच संपलं तर देव कशाला येईल? सुरुवातीला बैलगाडी, शेवटी रेल्वे, असं बाबा शिकवायचे. विक्की सौरवकडे पाहत राहिला. अशी पद्धत कधी ऐकली नसेल बिचाऱ्याने.

हळूहळू शिकवीन. मागे लागले की पोरं बिचकतात.

१८ जानेवारी, रविवार.
मोठी बातमी! ‘जादा तर्री’चा कार्यक्रम. धरमपेठेत, एका कॅफेच्या वरच्या हॉलमध्ये. शहरातले चार बँड येणार. फंकवाले फक्त आम्हीच. पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. उन्नतीने मलाही मारली. म्हणाली, नागपुरात आमचं ऐकायला पहिल्यांदाच कोणी तिकीट काढणार.

मला वेगळं असं कोणी विचारलं नाही. घरच्या माणसाला कोण विचारतं?

तारीख आठ फेब्रुवारी. संध्याकाळ.

कॅलेंडर पाहिलं. परत पाहिलं.

१९ जानेवारी, सोमवार. सकाळी.
महाराजांच्या फोटोला कौल लावला. दोन फुलं. उजवं पडलं तर धरमपेठ, डावं पडलं तर देऊळ. डावं पडलं. पण वरच्या पंख्याने भिंत हलते, हा कौल धरता येणार नाही. परत लावला. दुसऱ्यांदा कोणतंच पडलं नाही. म्हणजे महाराजांची हरकत नाही.

यांना विचारलं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, “अवं, पोरांनी तुले बोलावलं काय पण?” यांना संगीतातलं काही कळत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार.
रुख्मिणीबाईंना सांगून टाकलं. आडपडदा नाही. म्हटलं, त्या दिवशी माझा धरमपेठेत कार्यक्रम आहे. 

रुख्मिणीबाई म्हणाल्या, “काहून वं, महाराजांपेक्षा धरमपेठ मोठं झालं काय?”
मी म्हटलं, महाराज सगळीकडे आहेत.
“असतीन. पण खंजिरी एकाच जागी राहते ना!”
बाया हसल्या. हसू दे.

माझ्या जागी वैभवीला बसवणार म्हणे. ही रुख्मिणीबाईंची सून. दोन वर्षं झाली, नुसते टाळ वाजवते. आठ दिवसांत माझ्या दारात येतील. मी मोठ्या मनाने तारीख वाटून घेऊ म्हणेन: दुपारी देऊळ, संध्याकाळी धरमपेठ.

२५ जानेवारी, रविवार.
पोरांनी कानात घालायचं एक यंत्र आणलं. त्यात टिकटिक येते. त्या टिकटिकीवरच वाजवायचं, पुढे नाही, मागे नाही. मी कानात घातलं. आमच्या मोरीतला नळ असाच वाजतो, तो मी पैसे देऊन दुरुस्त करून घेतला. हे पैसे देऊन विकत घेऊन राहिले.

मी काढून ठेवलं. वाद्य हाताने वाजतं, कानाने नाही. ‘कूलर’ शेवटी फार रंगलं. मी आणि विक्की बरोबर संपलो. म्हणजे मी आधी संपले, मग तो आला. सौरव डोक्याला हात लावून बसला होता. ॲसिडिटी असेल. बाहेरचं खाणं कमी करायला सांगितलं.

२६ जानेवारी, सोमवार.
झेंडावंदनाची सुटी. उन्नती दुपारी एकटीच आली, माइक घेऊन. फार गोड पोरगी. म्हणाली, “काकू, तुमचा ठेका ना, सोन्यासारखा आहे. मले फक्त थोडासा पाहिजे. शांततेनं वाजवा, चढवू नका, मग थांबा.”

मी वाजवला. ती म्हणाली, अजून एकदा. परत वाजवला. कानाला यंत्र लावून ऐकलं तिने, आणि डोळे मिटले. म्हणाली, “हाच. झालं काकू.” मी विचारलं, पुढचं नको? खरी मजा पुढे आहे. म्हणाली, एवढं बस आहे.

घरी ऐकून शिकणार असेल. माझ्या काळी गुरुजींच्या दारात बसून शिकावं लागायचं, आता मोबाइलमध्ये घेऊन जातात. तिने येताना आणलेल्या डब्यातच तिला तिळाचे लाडू भरून दिले, डबा आपला जायला नको.

३१ जानेवारी, शनिवार.
पोस्टर आलं. काळ्या रंगावर लाल तेल सांडल्यासारखं, आणि त्यात तिघं. माझा फोटो नाही. बरंच झालं, उगाच नजर लागते. नावही नाही. सगळी नावं घालायला जागा कुठे असते?

काळे टीशर्ट शिवून आले. तीन. सौरवने माझं माप घेतलं नाही, कारण साडीवर टीशर्ट शोभणार नाही हे त्याला कळतं. मी काळ्या काठाची हिरवी इरकल नेसणार. घरात आहे, नवीन घेण्याची गरज नाही. ब्लाऊज उसवून दोन बोटं सोडला.

रुख्मिणीबाई अजून आल्या नाहीत. लाज वाटत असेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
मंडळात गेले नाही, मुद्दाम. भाजी आणायला म्हणून देवळावरून गेले. वैभवी वाजवत होती. हात कच्चा. पण चढत होती. बाया डोलत होत्या. त्यांच्या कानांना सवय नाही चांगल्या वाजवण्याची, म्हणून.

कोथिंबीर महाग होती. घेतली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी अडीच.
पोरं सामान घेऊन पुढे गेली. माझी जागा नव्हती गाडीत, ड्रम ठेवले होते. सौरव म्हणाला, “आई, तू अन् बाबा सहा वाजता या. समोर जागा ठेवतो.” मी विचारलं, साउंड चेकला मला नको का? म्हणाला, “तुझा झाला आहे चेक.” किती व्यवस्थित काम आहे पोरांचं!

महाराजांना नमस्कार केला. देवळातल्या लाउडस्पीकरचा आवाज घरापर्यंत येतो. खिडकी लावून घेतली, वारा फार आहे.

खंजिरी पिशवीत. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळली. पाचला निघते.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.
लिहायचं नव्हतं. पण लिहिल्याशिवाय डोकं हलकं होत नाही.

पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी हे. माझ्या मांडीवर पिशवी. पहिलं गाणं झालं, मला बोलावलं नाही. पाहुण्याला लगेच बोलावत नाहीत. दुसरं झालं. मी टॉवेल सोडून ठेवला.

तिसरं ‘कूलर’. विक्कीने बाजूच्या एका रबरी डबीवर बोट मारलं आणि खंजिरी सुरू झाली. मी पिशवीत पाहिलं. माझी खंजिरी माझ्याजवळ, हात माझ्याजवळ, आणि आवाज तिकडून. प्रत्येक वाजवणाऱ्याचं बोट वेगळं पडतं. मधल्या बोटाने शेवटचा ठोका थोडा उशिरा टाकायची सवय फक्त बाबांना होती आणि मला आहे. हे कानाशी आले. म्हणाले, “अवं, हे त तुझंच हाय.”

सव्वीस जानेवारीचं होतं.

मला वाटलं, सुरुवात यंत्राची आणि मग मला बोलावणार. म्हणून मी उभी राहिले. त्यांना सोपं जावं म्हणून जागेवरूनच वाजवायला लागले. आधी बरोबर जुळलं. लोक वळून पाहू लागले, मला बरं वाटलं. मग गाणं मधे आलं आणि माझा हात चढला. हात चढतोच. मी पुढे निघाले आणि ती डबीतली तिथेच राहिली. मला वाटलं, येईल ती मागून. आली नाही. दोन खंजिऱ्या भांडायला लागल्या. एक माझी आणि एक माझीच.

मागून एक पोरगा म्हणाला, “आंटी, बैठ जाओ ना, दिख नहीं रहा.”

तेवढ्यात सौरवने पाहिलं. जाडी गिटार वाजवतच एक तळहात खाली दाबल्यासारखा केला. कीर्तनात तो लहानपणी चुळबुळ करायचा तेव्हा मी त्याला असंच करायची. मी बसले.

शेवटी त्याने माइकवर सांगितलं, ही खंजिरी माझ्या आईची आहे, ती समोर बसली आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या. मी उठले नाही. टाळ्या डबीला होत्या.

येताना ऑटोत हे म्हणाले, चांगलं झालं की, सगळ्यांनी ऐकलं तुझं. मी खंजिरी परत टॉवेलमध्ये गुंडाळली. 

१० फेब्रुवारी, मंगळवार.
सौरवशी दोन दिवस अबोला. डबा भरला, पण लोणचं दिलं नाही. त्याला कळलं. स्वयंपाकघरात आला.

म्हणाला, “आई, किती वेळा सांगितलं, तू चढतेस. विक्कीनं सांगितलं, मी सांगितलं, ती टिकटिक त तुझ्यासाठीच आणली होती. स्टेजवर तू टेम्पो चढवला असता त आमचं सगळं बसलं असतं. हा एकच चान्स होता आम्हाले.”
मी म्हटलं, मग ‘तू नको’ असं एकदा स्पष्ट सांगायचं होतं.
“तुले कोण सांगणार? तू ऐकते काय?”
मी म्हटलं, मग चोरून कशाला नेलं?
“चोरून नाही वं आई. तुझे सगळ्यात भारी चार ठोके घेतले. उन्नतीनं निवडून घेतले.”
मी म्हटलं, चार घेतले आणि बाकीची मी टाकून दिली.

 पोळी करपली. तीच त्याला वाढली.

आज मला कळलं की या घरात माझा विश्वासघात झाला. उन्नतीला लाडू दिले होते मी. सोन्यासारखा ठेका म्हणाली होती. सोनं कोण असं काढून नेतं?

११ फेब्रुवारी, बुधवार.
रात्रभर विचार केला. म्हणजे दहालाच झोपले, पण झोपेपर्यंत केला. माझ्यात काही कमी नाही, फक्त ही टिकटिक मी आतापर्यंत मनावर घेतली नाही. मॅट्रिकला गणित मी असंच मनावर घेतलं आणि पास झाले.

संकल्प: टिकटिक शिकणार. मोबाइलवर फुकट मिळते. एकही ठोका चढणार नाही. मग पाहू डबी मोठी की मी. पोरंच येतील म्हणत, काकू चुकलो.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र.
पोरं वर होती, मी गेले नाही. शंकराच्या पिंडीसमोर टिकटिक लावून वाजवलं. मोबाइल देवासमोर ठेवणं बरोबर नाही, म्हणून त्याखाली बेलाचं पान ठेवलं. सुरुवातीला हात सारखा पळायचा, जनावर वेसण तोडायला पाहतं तसा. धरून ठेवला. हे दोनदा विचारायला आले, नळ पुन्हा गळून राहिला काय म्हणून.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.
मंडळात गेले. वाटलं, माझ्या जागी बसवतील. प्रकट दिनाला लोक नाचले होते म्हणे. वैभवीने खंजिरी सोडली नाही, आणि मी मागितली नाही. रुख्मिणीबाई म्हणाल्या, “आली काय, बस.” टाळ दिले.

शेवटच्या गजराला सगळ्या चढल्या. माझा हात चढेना. एकाच जागी, टिक, टिक. मी मागे, सगळ्या पुढे. रुख्मिणीबाई ओरडल्या, “देवके, झोपली काय वं? चढ की!” मी चढायला गेले तर सगळं संपलं होतं. त्यांचे टाळ थांबले आणि माझा एक टाळ एकटाच वाजला.

प्रसादात पेढा होता. छोटा. मंडळाचा स्तर घसरला आहे.

२५ फेब्रुवारी, बुधवार.
अख्खं गाणं टिकटिकीवर वाजवलं. सुरुवातीला बैलगाडी, शेवटी बैलगाडी. काही मजा आली नाही. पण चूक एकही नाही. बाबा असते तर काय म्हणाले असते, हा विचार करायचा नाही असं ठरवलं.

रविवारी वर जाणार. काही बोलायचं नाही. नुसतं वाजवून दाखवायचं.

१ मार्च, रविवार.
गेले. दारात उभी राहिले नाही, आत बसले. सौरव म्हणाला, “आई, ये.” पुढे काही नाही, पण बोलण्यात धाक नव्हता. ‘कूलर’ सुरू केलं. विक्कीने सवयीने डबीवर बोट मारलं, मी माझी खंजिरी सुरू केली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात जागचा हलला नाही. उन्नतीने गाता गाता माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला. विक्की म्हणाला, “काकू, एक नंबर! मशीनसारखं!”

परत घेतलं. या वेळी मी कान देऊन ऐकलं. डबीतली आणि माझी इतकी जुळली होती की माझी वेगळी ऐकूच येईना. मलाच येईना. शेवटचा उशिराचा ठोका, तोही दोघींचा एकदम.

मधेच हात थांबवला. गाणं तसंच चाललं. कोणी वळून पाहिलं नाही.

खाली आले. उद्या सोमवार. साबुदाणा भिजवला.